चि. मृणालला, सॅन डिएगोला निघण्याआधी

कागल, रविवार सकाळ

चि. सौ. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की मी, ते मला आठवत नाही. तुझी आई म्हणते मी ठेवला. रात्रभर झोप नाही, म्हणून पहाटे कागद घेतला. लिहून झाला की आई फोटो काढून पाठवेल. निघायच्या आधी निवांत वाच. आशिषरावांनाही वाचून दाखव, त्यांच्यावर माझा काही राग नाही.

"आण्णा, तुम्ही कागलात बसून आमची गाडी चालवू नका," असं म्हणालीस. लागलं मला ते. पण एकतीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला पोरीच्या गाडीची काळजी नाही वाटायची तर कुणाला वाटायची?

सॅन डिएगोला जाताय याचा आनंदच आहे. मी आणि तुझी आई तिथं तुमच्याबरोबर काढलेले तीन दिवस आम्ही अजून घरात बोलतो. पोरांना घेऊन जावं असंच ते गाव आहे. खाडीचं पाणी शांत, ऊन मऊ, रस्त्यावर कुणी कुणाला ढकलत नाही. एवढ्या मोठ्या बाल्बोआ पार्कात ओवी अनवाणी पळत होती. तिथला उघड्यावरचा तो प्रचंड ऑर्गन रविवारी दुपारी दोनला फुकट ऐकायला मिळतो. १९१४ साली बांधलेला, आणि अजून वाजतोय. ईशान तेव्हा पोटात होता, त्याला या वेळी नक्की ऐकवा. रविवारचं तेवढं धरून ठेवा.

मे महिना आहे म्हणून पोरांना पातळ कपड्यांवर नेऊ नकोस. इथं आम्ही वळवाच्या एका सरीची वाट बघतोय, पण तिथं मे-जूनमध्ये समुद्रावरून ढग आत येतात आणि दुपारपर्यंत हटत नाहीत, हे तूच मला सांगितलं होतंस. ओवीचं निळं जॅकेट घे. पाणीही गार असतं. आणि ला होयाच्या किनाऱ्यावर वाळूत उतरलात तर पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत घासत न्यायचे. वाळूखाली काटेवाले पाकट मासे असतात, पाय घासत आला की आधीच बाजूला होतात. त्या लाइफगार्डनं ओवीला शिकवलं होतं, तिच्या लक्षात असेल.

आता हद्दीपलीकडच्या त्या तिहुआनाला, मेक्सिकोत, एका दुपारसाठी जायच्या तुमच्या बेताबद्दल बोलणार नव्हतो. पण बोलतो.

तुझा, आशिषरावांचा आणि ओवीचा व्हिसाचा शिक्का नोव्हेंबरात संपलाय. तू म्हणालीस, नियम आहे, तीस दिवसांच्या आत मेक्सिकोतून परत आलं आणि आय-९४, म्हणजे अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद, चालू असली तर संपलेल्या शिक्क्यावरही आत घेतात. मी शेजारच्या पोराला बसवून ते वाचून घेतलं. नियम आहे. मी मानतो. पण तो अमेरिकेचा नियम झाला, परत येतानाचा. जातानाचं काय? भारतीय पासपोर्टवाल्याला मेक्सिको बिनव्हिशाचा आत घेतं ते अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर. तुमचा चालू नाही. म्हणजे तुम्हाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागेल. हे आशिषरावांनी बघितलंय का? त्यांच्या मित्रानं केलं म्हणून आपलं होईल असं नाही. त्याचा शिक्का कदाचित चालू असेल.

आणि ईशान. तुमच्या चौघांचे पासपोर्ट टेबलावर ठेवले होतेस तेव्हा मी बघितले, चारही निळे. लांबून एकसारखे. पण तीन आपले आणि एक त्यांचा. नाक्यावर काही अडलंच तर दीड वर्षाच्या त्या एकट्याला आत यायचा हक्क, आणि त्याच्या आईला बाजूच्या खोलीत बसवून प्रश्न. हे होईल असं मी म्हणत नाही. पण डोळे मिटले की मला तेच दिसतं.

मागच्या वेळचं आठव. सॅन इसिद्रोच्या, अगदी हद्दीला लागून असलेल्या त्या मॉलला निघालो होतो. आशिषराव बोलण्यात, गाडी मधल्या लेनमध्ये. मी पुढं बसलो होतो. हिरव्या पाटीवर 'लास्ट यूएसए एक्झिट' लिहिलेलं दिसलं. इंग्रजी माझं बेताचं, पण पाट्या वाचणं हाच माझा धंदा होता. "उजवीकडे घ्या!" म्हणून मी केवढ्यानं ओरडलो. मागच्यानं हॉर्न मारला, तुझी आई देवाचं नाव घ्यायला लागली. आमचे दोघांचे पासपोर्ट तेव्हा अर्व्हाईनला तुमच्या घरी, तुझ्या कपाटात, साड्यांखाली. ती एक पाटी चुकली असती तर गाडी सरळ मेक्सिकोत, तिथं मागं वळायला जागा नाही. मॉलमध्ये गेल्यावर तुम्ही सगळे हसलात. मीही हसलो. कुंपणापलीकडच्या टेकडीवर दाटीनं घरं दिसत होती, वर तो अवाढव्य झेंडा. मला काही खाववलं नाही.

म्हणून सांगतो, तिकडं जायचंच झालं तर लाल ट्रॉलीनं जा, गाडी शहरातच ठेवा. आणि जिथं जाल तिथं तिघांचे पासपोर्ट, आय-९४ चे कागद, कंपनीचं मंजुरीपत्र जवळ ठेवा. परतताना सॅन क्लेमेंटीजवळ महामार्गावर तपासणी नाका आहे. मागच्या वेळी तिथं कुणी उभं नव्हतं, म्हणून या वेळीही नसेल असं समजू नका.

बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर.

खरं तर मला त्या पुलाबद्दल लिहायचं होतं. कोरोनाडोचा. १९६९ सालचा तो पूल, खालून नौदलाची जहाजं जावीत म्हणून दोनशे फूट उंच नेलाय. सरळ नेला असता तर चढ छातीवर आला असता. म्हणून त्याला ते मोठं वळण दिलंय, लांबी वाढते आणि चढ मरतो. तवंदी घाटात भरलेली गाडी चढवताना मी आयुष्यभर जे हातांनी केलं, ते तिथं सिमेंटमध्ये केलेलं बघून मला भरून आलं होतं. आणि तो पूल तू चालवत पार केलास. मी मागं बसलो होतो. वळणावर तू वेग एवढासाही चुकवला नाहीस. तेव्हा बोललो नाही, आज लिहितो. कागलच्या डेपोत माझ्या मांडीवर बसून स्टिअरिंगला हात लावणारी पोरगी ती.

ईशानला ते सील दाखव. ला होयाची ती भिंत १९३१ साली एलेन स्क्रिप्स नावाच्या बाईनं स्वतःच्या पैशानं बांधून दिली, लहान पोरांना लाटांचा त्रास न होता पोहता यावं म्हणून. आता तिथं सीलच लोळतात. त्यांच्या विणीच्या दिवसांत, १५ मे पर्यंत, माणसांना खाली वाळूत जायची बंदी असते. मला ते फार आवडलं. पोरांसाठी बांधलेली जागा पोरांच्याच उपयोगी पडतेय.

आणि मिडवे, ते संग्रहालय केलेलं विमानवाहू जहाज. ओवी विमानं मोजत होती, मी त्या म्हाताऱ्या नौसैनिकापाशी थांबलो होतो आणि तू मला भाषांतर करून सांगत होतीस. एप्रिल १९७५, व्हिएतनामचं युद्ध, सायगाव पडतंय. बुआंग ली नावाचा मेजर बायको आणि पाच पोरांना दोन माणसांच्या विमानात कोंबून समुद्रावर आला. याच जहाजाभोवती घिरट्या घालत चिठ्ठी टाकली, जागा द्या म्हणून. कॅप्टननं लाखमोलाची हेलिकॉप्टरं समुद्रात ढकलायला लावली आणि डेक मोकळा केला. मेजरनं विमान उतरवलं, सातही जण जिवंत. तू सांगता सांगता थांबलीस, तुझा आवाज गेला होता. मी ड्रायव्हर आहे, मला त्याचे हात दिसत होते. पाच पोरं मागं रडत असताना धावपट्टीवर नजर ठेवणारे हात.

पण त्याच्याकडं दुसरा रस्ता नव्हता, बाळ. तुमच्याकडं आहे. तुम्हाला टाको खायचेत. ते अलीकडंही मिळतात.

काल रागात जे बोललो ते आता शांतपणे लिहितो. व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकेल, परत जाता येणार नाही, नोकरी जाईल, या भीतीनं तू तीन वर्षं घरी आली नाहीस. संग्रामच्या लग्नाला आली नाहीस. मी एका शब्दानं बोललो नाही, तुझ्या आईलाही बोलू दिलं नाही. मग एका दुपारसाठी तीच भीती बाजूला ठेवता येते, हे ऐकून माझा तोल गेला. हे लिहायला नको होतं कदाचित. तू तिथं किती ओझं घेऊन जगतेस हे मला माहीत आहे. दोन पोरं, नोकरी, प्रत्येक सुट्टीला कागद मोजायचे. तुलाही एखाद्या दिवशी कागद विसरून मोकळं फिरावंसं वाटत असेल. वाटू दे. पण तिथं नको.

हद्दीची भीती मला कधी नव्हती. कोल्हापूर-बेळगाव गाडीवर असताना रोज हद्द ओलांडली. दुकानांच्या पाट्या बदलायच्या, बाकी काही नाही. आंदोलन पेटलं की गाडी मागं फिरवायची, दोन दिवसांनी पुन्हा सुरू. आक्का निपाणीत दिली तेव्हा लांब दिली असं कुणाला वाटलं नाही. तिच्या हातची भाकरी खाऊन मी पुढची फेरी करायचो.

२०२० च्या एप्रिलात आक्का गेली. तुला एवढंच सांगितलंय की लॉकडाऊनमुळं मला मातीला जाता आलं नाही. मी गेलो होतो. पहाटे स्कूटर काढून दूधगंगेच्या पुलापर्यंत गेलो. नाक्यावरच्या पोरानं हात जोडले, काका, पास नाही, सोडता येत नाही. त्याचा दोष नव्हता, आजार आवरायचा होता. पलीकडं दिलीप मला न्यायला येऊन थांबलेला. मधे पन्नास पावलं. त्यानं तिकडून ओरडून विचारलं, मामा, थांबवू का सगळं? मी म्हटलं, नको. तो गेला. मी उन्हं वर येईपर्यंत तिथंच उभा राहिलो. वीसेक किलोमीटरवर माझी बहीण. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं, मळ्याकडं गेलो होतो.

सॅन डिएगोला ते समुद्रात शिरलेलं कुंपण लांबून दाखवलंत. आशिषराव म्हणाले, तिथं फ्रेंडशिप पार्क आहे, १९७१ साली सुरू झालं, घरची माणसं जाळीच्या दोन बाजूंना उभी राहून भेटायची, जाळी इतकी बारीक झाली की फक्त करंगळ्या टेकायच्या. तुम्ही विचारलंत, आण्णा, जवळ जाऊया का? मी म्हटलं, गुडघा दुखतोय. गुडघा दुखत नव्हता.

आता पुरे करतो. आई कधीची चहा घेऊन उभी आहे. जा, मजा करा. ईशानला प्राणिसंग्रहालयात उचलून घेऊ नकोस सारखं, तिथं चढ फार आहेत, तुझी कंबर धरेल. बाबागाडी न्या. टायरमधली हवा निघताना बघा, थंड असताना.

सोमवारी परतीला गाडी उत्तरेकडं वळली की मला फक्त 'वळलो' एवढं लिही. इथं किती वाजले असतील ते बघू नकोस. मी जागाच असेन.

तुझा,
आण्णा