वकील मॅडम, तुम्ही आम्हाला हिशेब मागायला शिकवलंत

आदरणीय मॅडम,

साताऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आईला घेऊन पहिल्यांदा आले, तेव्हा तुमच्या टेबलासमोर बसताच तिला रडू फुटलं. तुम्ही पाण्याचा पेला पुढे केलात, ती सावरेपर्यंत थांबलात आणि मग एकच विचारलंत, "मावशी, मृत्युपत्र तुम्ही स्वतः वाचलंय का?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. ज्या कागदावरून नऊ महिने घरात कुणाला धड झोप नव्हती, तो आमच्यापैकी कुणीच डोळ्यांनी पाहिला नव्हता.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी हे उघड पत्र असल्यामुळे थोडक्यात सांगते. माझी आत्या प्राथमिक शिक्षिका होती. लवकर विधवा झाली, मूलबाळ नव्हतं. शेवटची अकरा वर्षं ती आमच्याकडेच होती आणि तिचं सगळं आईने केलं. निवृत्तीच्या पैशाच्या मुदत ठेवी आणि तिने स्वतः घेतलेली वीस गुंठे जमीन, एवढी तिची पुंजी. तिने मृत्युपत्र केलं होतं आणि तिच्या धाकट्या दिरांना, ज्यांना आम्ही काका म्हणतो, त्याचे व्यवस्थापक नेमलं होतं, म्हणजे त्यात लिहिल्याप्रमाणे वाटणी त्यांनी करून द्यायची. बँकेत नॉमिनीही तेच. तेराव्याला काकांनी सांगितलं, "कागद माझ्याकडे आहे, मी बघतो सगळं." महिनाभराने आईच्या हातात पन्नास हजार ठेवले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं एवढंच." आईने नमस्कार करून घेतले. घरच्या मोठ्या माणसाकडे कागद दाखवा म्हणायचं, हे तिच्या मनातही आलं नाही.

मॅडम, तुम्ही आम्हाला आधी दुय्यम निबंधकाकडे पाठवलंत. नोंदणी केलेल्या मृत्युपत्राची नक्कल, करणारा जिवंत असेपर्यंत त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. तो गेल्यावर मात्र मृत्यूचा दाखला जोडून कुणीही मागू शकतं, हे आम्हाला कुठे माहीत होतं? नक्कल हातात आली तेव्हा आईने चष्मा पुसून ती तिथल्याच बाकावर बसून वाचली. सगळ्या ठेवी आणि जमीन "माझी भावजय, जिने मला आईसारखं सांभाळलं" हिला. दिरांना त्यांच्या कष्टाबद्दल पंचवीस हजार. त्या ओळीवर आईने बोट ठेवलं ते कितीतरी वेळ उचललंच नाही. पैशाआधी तिला ते वाक्य मिळालं. त्यासाठीच मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे.

मग तुम्ही समजावलंत की तो कागद नसता तर काय झालं असतं. मूलबाळ नसलेल्या विधवेने स्वतः मिळवलेली मालमत्ता, मृत्युपत्र नसेल तर, हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे काकांकडेच. कागद दडवण्यात ज्याचा फायदा होता, त्याच्याच हातात तो होता. तुम्ही लगेच 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावाच्या फेरफार नोटिसा, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलांच्या सूचना, पाहिल्यात, आणि तिथे निघालीच: वारस म्हणून काकांचं नाव लावायची नोंद. हरकतीच्या पंधरा दिवसांतले सहा उरले होते. दुसऱ्या दिवशी मी तलाठ्याकडे मृत्युपत्राची नक्कल जोडून हरकत दिली आणि तुम्ही बजावल्याप्रमाणे पोच घेतल्याशिवाय तिथून हलले नाही. पुढे मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी होऊन ती नोंद रद्द झाली.

ठेवींचं उत्तर काकांकडे तयार होतं: "नॉमिनी मी आहे." आम्हालाही ते खरंच वाटायचं. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, पण नॉमिनी मालक होत नाही. तो ते पैसे खऱ्या हक्कदारांसाठी सांभाळतो. बँकेतल्या ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे २०१० साली सांगितलंय आणि शेअर्सबाबत २०२३ साली, हे तुम्ही इतक्या साधेपणाने सांगितलंत की आई आता शेजारणींना समजावते.

माझा भाऊ पोलिसांत जायला निघाला होता. तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत. विश्वासघाताची फिर्याद करता येते, भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ आहे, असं स्पष्ट सांगितलंत. पण आधी लेखी हिशेब मागू, म्हणालात. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चं कलम ३६८ तुम्ही मराठीत उलगडून सांगितलंत: व्यवस्थापकाने मालमत्ता भलतीकडे वळवली किंवा तिचं नुकसान केलं, तर ते त्याने भरून द्यायचं. व्यवस्थापकाला काढून दुसरा नेमण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करता येतो, हेही सांगितलंत. आत्याला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही आणि तोवर वाटा देण्याची सक्ती व्यवस्थापकावर करता येत नाही, हे आम्हाला न आवडणारं खरंही तुम्ही लपवलं नाहीत. वाट्यासाठी दावा लावायला बारा वर्षं असतात, तेव्हा घाबरू नका, पण जमीन विकली गेली तर ती बारा वर्षं कामाला येणार नाहीत, म्हणून बसूनही राहू नका, हे तुमचं बोलणं मी वहीत लिहून ठेवलंय.

काकांनी हिशेब मागणाऱ्या आपल्या नोटिशीला उत्तर देताना दवाखान्याची आणि अंत्यविधीची बिलं लावली. भाऊ चिडला. तुम्ही एकेक बिल तपासलंत आणि म्हणालात, "हे चौसष्ट हजार खरे आहेत. शेवटच्या आजारपणाचा आणि अंत्यविधीचा खर्च सगळ्यांच्या आधी निघतो. तो मान्य करा." त्यांचे पंचवीस हजारही तुम्ही यादीत आपणहून लिहिलेत. मला वाटतं, काका त्या दिवशी नरमले. आपल्याला लुबाडायला कुणी बसलेलं नाही, हे त्यांना कळलं.

प्रकरण दावा लागण्याआधीच लोकअदालतीत मिटलं. तिथल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही, हे वाचून दाखवून मगच तुम्ही दोघांच्या सह्या घेतल्यात. रक्कम तीन हप्त्यांत द्यायची ठरली. आईचे पन्नास हजार त्यात वळते झाले, आणि तेही तिने स्वतःच आठवण करून सांगितले.

या सगळ्याला आमचा वकिलीचा एक रुपया लागला नाही. स्त्रीला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्य मिळतं, हे आम्हाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर तुमच्याकडून कळलं. ज्यांना आमच्यासारखं काही सोसावं लागतंय, त्यांनी १५१०० या क्रमांकावर फोन करावा, म्हणूनही हे पत्र उघड लिहितेय.

काका दिवाळीत घरी आले होते. फार बोलले नाहीत. आईने त्यांना जेवायला बसवलं आणि जेवण झाल्यावर दुसऱ्या हप्त्याची पावती लिहून दिली, तारखेसकट. पूर्वी तिने अशी पावती लिहिली नसती, आणि काकांनी ती घेतलीही नसती.

शेवटचा हप्ता संक्रांतीनंतर यायचा आहे. तो आला की आई स्वतः तुम्हाला भेटायला येणार आहे, आत्याच्या मृत्युपत्राची नक्कल घेऊन. ती ओळ तिला तुम्हाला वाचून दाखवायची आहे.

तुमची,
मावशींची थोरली लेक