ताशेरे कोणी ओढावेत?

मा. संपादक,

सध्या बातम्यांत कोणीही कोणावरही 'ताशेरे ओढतो'. विरोधी आमदार सरकारवर, पंच सरपंचावर, हद्द म्हणजे प्रेक्षक नाटकावर! ताशेरे ओढायला अधिकार लागतो. न्यायालय, चौकशी आयोग, महालेखापाल यांनी कामकाज तपासून नोंदवलेले कडक शब्द म्हणजे ताशेरे. आमदार टीका करतो, फार तर झोड उठवतो.

आदेश आणि ताशेरे यांचीही गल्लत होते. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तो आदेश. तो देताना सरकारी कारभाराबद्दल जे बोचरे लिहिले, ते ताशेरे. सुनावणीत न्यायमूर्ती नुसतेच रागाने बोलले, तर 'तोंडी ताशेरे' किंवा सरळ 'सुनावले' लिहावे. लेखी निकालात ते वाक्य नसूही शकते.

क्रियापद 'ओढणे'. 'ताशेरे मारले' हे 'शेरा मारणे'वरून घुसलेले दिसते. पण शेरा चांगलाही असतो, ताशेरा कधीच नाही. शब्द बहुधा अनेकवचनीच येतो. 'ताशेरे ओढत फटकारले' या मथळ्यात एकच काम दोनदा.

बाकीचे शब्द गंजत पडलेत. वरिष्ठ हाताखालच्याची खरडपट्टी काढतो. वाभाडे म्हणजे चिंध्या. युक्तिवाद मुद्द्यागणिक फाडला, तरच वाभाडे निघतात. कोरडे ओढणे यातला कोरडा म्हणजे चाबूक, सुक्याशी त्याचा संबंध नाही. व्यंगचित्रकार ओढतो ते हे कोरडे.

— एक मुद्रितशोधक, फोंडा