राजीनामा दिलाय, पण पत्र पूर्ण वाचा

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होतो. पण बाबा "हं" म्हणून फोन आईकडे देतात, आई "जेवलास काय?" विचारते आणि विषय राहूनच जातो. म्हणून लिहितोय. 1 तारखेला कंपनीत राजीनामा दिला. तो आता मागे घेता येणार नाही. इथंच पत्र घडी घालून ठेवू नका, पुढचं वाचा.

ठाण्याला घोडबंदर रोडवर शूटिंग असलेल्या एका मालिकेत काम मिळालंय. नायकाचा थोरला भाऊ. सहा वर्षं मी शनिवार-रविवार प्रयोग केले. रात्री कोल्हापूरचा प्रयोग उरकून बसमध्ये डुलक्या खात पहाटे पुणं गाठायचं आणि नऊला ऑफिस. तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं, कारण आईची झोप उडाली असती.

पैशाचं सांगतो, नाहीतर बाबा तिथंच अडतील. मालिकेत रोजावर मिळतं आणि हातात येईपर्यंत तीनेक महिने जातात. म्हणून वर्षभराचे घराचे हप्ते बाजूला काढलेत. तुमच्या औषधांचे पैसे नेहमीसारखे 5 तारखेला येतील. मालिका बंद पडली तर? पडतात, टीआरपी घसरला की गाशा गुंडाळतात. मग नाटकाची नाइट, म्हणजे प्रयोगामागचे पैसे, आहे. ती थोडी असते, पण आहे.

डॉ. श्रीराम लागूंनी 1969 साली, चाळिशी ओलांडल्यावर, नाटकासाठी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडली. तुम्ही म्हणाल, ते लागू होते. बरोबर. अतुल कुलकर्णींचं नाव तर काढतच नाही. त्यांचा जन्म बेळगावचा, माझाही, साम्य तिथंच संपतं.

पण बाबा, हे खूळ कुणी घातलं? दर 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, तुम्ही 1843 च्या सांगलीच्या 'सीता स्वयंवरा'पासून सुरू करायचात आणि गुर्लहोसूरला येऊन थांबायचात. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातले, 'शाकुंतल' 1880 चं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. उद्यमबागेतून पहिली पाळी करून आलेले तुम्ही, नखांत अजून काळं तेल, आणि आवाज मात्र एकदम दुसऱ्याच माणसाचा. जत्रेच्या नाटकात मी विंगेत पोत्यावर झोपायचो. तिसरी घंटा झाली की आई चिमटा काढून उठवायची. तिची शहापुरी साडी त्या वर्षी नायिकेला दिली ती परत आलीच नाही. आई, ते मी विसरलो नाही गं.

नाटकात बोलावणाऱ्या सांगलीच्या त्या मॅनेजरला तुम्ही नाही म्हणालात ते चुकलं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. तेव्हा आत्याचं लग्न होतं, दादा पाळण्यात होता. माझ्या डोक्यावर तसलं काही नाही. तुम्ही ठेवलं नाहीत म्हणूनच नाही.

आई, खोली बरी आहे. दोघांत एक, पंखा चालतो, पाणी दोन्ही वेळा येतं. सेटवर जेवण मिळतं, भाकरीसुद्धा. कुंदा पाठवू नकोस, वजन वाढलं की कपडेपटवाली ओरडते. भडंग चालेल. आणि ऐक, तिसऱ्या आठवड्यात मालिकेत मी बायकोवर हात उगारतो. ते खोटं असतं. ती पोरगी मला दादा म्हणते. खडेबाजारात कुणी बोललं तर तू आवाज चढवू नकोस, भाजी घे आणि घरी ये.

पहिल्याच दिवशी दिग्दर्शकानं विचारलं, हा हेल कुठला? मी "काय करूलालास गा" म्हणून दाखवलं. भूमिकेत नको म्हणाले, पण चहाच्या सुट्टीत आता रोज कुणीतरी म्हणायला लावतं.

आता माझं ऐकायचं. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन या महिन्यात, "थंडी पडू दे" चालणार नाही. पेटी माळ्यावरून स्वतः काढायची नाही, दादा काढेल. बीपीची गोळी रात्रीची आहे, आठवण झाली की घ्यायची नाही. आई, साखर तपासून कागदावर लिही. मनात ठेवलेला आकडा तू नेहमी कमी सांगतेस. मालिका रात्री जागून बघू नका, सकाळी मोबाईलवर दिसते, वहिनी लावून देईल.

दादाला हे पत्र दाखवू नका. त्याला मी स्वतः सांगतो, तुमच्यावर ते ओझं नको. दिवाळीचं अजून नक्की नाही. सुट्टी मिळाली तर नरकचतुर्दशीच्या पहाटे दारात असेन, नाही तर भाऊबीजेला.

रविवारी आठ वाजता फोन करतो. बाबा, तो लगेच आईकडे देऊ नका.

तुमचा,
धाकटा