नस तुटते ती आधी टोकाला

संपादक साहेब,

मोटर न्यूरॉन डिसीजवर (स्नायू हलवणाऱ्या नसांच्या पेशी मरत जातात तो आजार) काही छापून आलं की सगळा भर मेंदू आणि मणक्यातल्या पेशी मरतात यावरच असतो, पण खरी गंमत (गंमत कसली म्हणा) दुसऱ्या टोकाला आहे, जिथे नस स्नायूला जोडलेली असते. तिथे नसेतून असिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं तेव्हा स्नायू हलतो. एसओडी१ जीन (हा बिघडला की काहींना हा आजार होतो) बिघडलेल्या उंदरांमध्ये हे जोड आधी सुटलेले दिसले, मणक्यातल्या पेशी तेव्हा अजून जिवंत होत्या. त्यात शेजारची नस नवा फाटा फोडून तो पोरका स्नायू सांभाळून घेते, म्हणून बरेच दिवस बाहेरून काही कळतच नाही. माझ्या मामांना शर्टाचं वरचं बटण लागेना तेव्हा आम्ही वय झालं म्हणून हसलो, तोपर्यंत आत किती जोड गेले असतील कोण जाणे. या आजारावरचं रिलुझोल हे औषध १९९५ पासून आहे, ते आयुष्य थोडंसं वाढवतं, बस. उंदीर म्हणजे माणूस नाही हे मान्य, पण जोडच टिकवता येईल का यावर चाललेल्या संशोधनाबद्दलही जरा छापा की, आम्ही वाचू.

– एक वाचक