सन्मानाच्या बातमीत पुस्तकाचे नाव हवे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरस्कारांचा हंगाम आला की गिरगाव-दादरपासून मुलुंड-बोरिवलीपर्यंतची साहित्य मंडळे आणि साहित्य संस्थांच्या शाखा आपल्या सदस्यांच्या यशाच्या बातम्या वृत्तपत्रांकडे पाठवू लागतात. 'शाखेच्या सदस्यांचा गौरव' असा मथळा, त्याखाली आठ-दहा नावे, शाल-श्रीफळ स्वीकारतानाचे छायाचित्र आणि मान्यवरांची उपस्थिती. स्थानिक लेखकांसाठी आपण ही जागा राखून ठेवता, याचे मोल आम्ही जाणतो. पण या बातम्यांतून नेमके एकच गळते आणि तेच सर्वांत महत्त्वाचे असते. ते म्हणजे पुस्तक. पुरस्कार कोणाला मिळाला हे कळते, कोणाच्या हस्ते मिळाला हेही कळते. कशासाठी मिळाला, ते कळत नाही.

याचा परिणाम ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर दिसतो. वाचक कात्रण पुढे करतो आणि म्हणतो, 'यांचे पुस्तक द्या.' कात्रणात लिहिलेले असते 'प्रसिद्ध कवयित्री' आणि पुढे आडनाव. ग्रंथालयाची सूची त्यावर चालत नाही. त्यातही लेखिकेचे पहिले दोन संग्रह माहेरच्या नावाने असतात, पुढचे सासरच्या, आणि बातमीत मंडळाने दिलेले असते घरगुती हाकेचे नाव. टोपणनावाने लिहिणाऱ्यांची तीच गत. 'नटसम्राट' नाटककार वि. वा. शिरवाडकरांच्या नावावर आहे आणि 'विशाखा' कवी कुसुमाग्रजांच्या. दोन्ही माणसे एकच, हे शाळेपासून माहीत असल्याने तिथे कोणी अडत नाही. नव्या लेखकाच्या बाबतीत मात्र वाचक अडतो, दोन मिनिटे थांबतो आणि दुसरे काहीतरी घेऊन जातो.

म्हणून मंडळांच्या कार्यवाहांना आमची विनंती आहे की, बातमी लिहिताना प्रत्येक सदस्यापुढे पाच गोष्टी लिहा: पुस्तकावर छापले आहे तसेच लेखकाचे नाव, पुस्तकाचे पूर्ण नाव, वाङ्मयप्रकार, प्रकाशन, आणि पहिल्या आवृत्तीचे वर्ष. त्यानंतर पुरस्काराचे पूर्ण नाव, तो देणारी संस्था आणि पुरस्काराचे वर्ष. अनुवाद असेल तर मूळ लेखक आणि मूळ भाषा हवीच. अनुवादकाचा सन्मान होतो आणि बातमीत मूळ लेखकाचा उल्लेखही नसतो, किंवा याच्या उलट, असे वारंवार घडते. ही माहिती लेखकाला फोनवर विचारून टिपू नका. पुस्तक हातात घ्या, मुखपृष्ठाच्या आतले श्रेयपान उघडा आणि त्यावरून उतरवा. फोनवर ऐकलेल्या नावात चूक होतेच.

टंकलेखनातली एक चूक तर नेहमीचीच. मंडळातला कोणी जुन्या, युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे सर्व संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरपद्धती) फाँटमध्ये बातमी टाइप करतो, पीडीएफ करून पाठवतो; वृत्तपत्राच्या कार्यालयात ती उचलून चिकटवली की अक्षरांचा चुराडा होतो. मग कोणीतरी घाईत ते पुन्हा टाइप करतो आणि पहिला बळी पडतो अर्धचंद्राकृती 'ऱ्य'चा. संग्रहाच्या नावातल्या 'दऱ्या' छापून येतात 'दर्या'. डोंगरातल्या घळींचा समुद्र झाला, आणि ही चूक मुद्रितशोधकालाही दिसत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीच आहेत. उपाय सोपा आहे. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करायचा, ईमेलच्या मजकुरातच ठेवायचा, आणि सोबत मुखपृष्ठाचे छायाचित्र जोडायचे, म्हणजे पडताळणी करता येते. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि छपाईत चेहरे पुसट येतात. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ आकारात पोहोचतो. समूहछायाचित्राखाली 'डावीकडून' म्हणून नावे लिहाल, तेव्हा ती फोटो पाहणाऱ्याच्या डावीकडून लिहा.

आता पुरस्कारांच्या नावांविषयी, कारण खरा गोंधळ तिथे आहे. बातमीत नुसते 'अकादमी पुरस्कार' लिहून भागत नाही. साहित्य अकादमी ही केंद्रीय संस्था. ती २४ भाषांसाठी पुरस्कार देते आणि तिचे पश्चिम विभागाचे कार्यालय इथेच दादरला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय मार्गावर आहे. मुख्य पुरस्कार १ लाख रुपयांचा. अनुवाद, बालसाहित्य आणि युवा हे तिचेच वेगळे पुरस्कार प्रत्येकी ५० हजारांचे आणि युवा पुरस्कार ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी. याशिवाय राज्य शासनाच्या हिंदी, गुजराती अशा साहित्य अकादम्या मुंबईत आहेत आणि त्यांचेही पुरस्कार असतात. बहुभाषिक मंडळाच्या एकाच बातमीत हे तिन्ही-चारही 'अकादमी' या एका शब्दात कोंबले जातात. त्यात कोणाचा मान वाढत नाही. ज्याला जे मिळाले तेच धूसर होते.

राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रत्येक प्रकाराला एखाद्या नामवंत व्यक्तीचे नाव आहे. प्रौढ वाङ्मयातील काव्याला केशवसुतांचे, तर प्रथम प्रकाशन काव्याला बहिणाबाई चौधरी यांचे. पण केशवसुत, बहिणाबाई, बालकवी यांच्या नावांनी पुरस्कार देणाऱ्या इतर संस्थाही आहेत. म्हणून नुसते 'केशवसुत पुरस्काराने सन्मानित' असे वाचून तो राज्याचा की एखाद्या संस्थेचा, हे कळायला मार्ग नसतो. आणि 'प्रथम प्रकाशन' हे दोन शब्द कमीपणाचे वाटून गाळले जातात, ते तर मुळीच गाळू नयेत. पहिल्याच संग्रहाला राज्याचा पुरस्कार मिळणे ही मोठी गोष्ट आहे आणि ती तशीच सांगावी.

ज्ञानपीठाबाबतची चूक तर जाणकारांच्या भाषणांतही आढळते. कुसुमाग्रजांना 'नटसम्राट'साठी ज्ञानपीठ मिळाले, असे बोलले जाते. 'नटसम्राट'ला १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. ज्ञानपीठ १९८७ चे, आणि ते एकूण साहित्यकर्तृत्वासाठी. १९८२ पासून ज्ञानपीठ एका कृतीसाठी दिलेच जात नाही. वि. स. खांडेकरांना १९७४ चे ज्ञानपीठ 'ययाति'साठी मिळाले, तेव्हा पद्धत वेगळी होती. एका पुस्तकाचा गौरव आणि आयुष्यभराच्या लेखनाचा गौरव यांतला हा फरक स्थानिक पातळीवरही लागू पडतो. 'जीवनगौरव' असेल तर बातमीत दोन-तीन प्रमुख पुस्तकांची नावे द्यावीत, नाहीतर वाचकाच्या हाती फक्त लेखकाचे वय लागते.

वर्षाचाही असाच घोळ. साहित्य अकादमीच्या २०२३ च्या मुख्य पुरस्कारासाठी २०१७ ते २०२१ या काळात प्रथम प्रकाशित झालेली पुस्तके विचारात घेतली गेली. वाचक मात्र ते पुस्तक 'नवीन आलेली' या फळीवर शोधतो. कृष्णात खोत यांना 'रिंगाण' या कादंबरीसाठी २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार: इतक्या एका ओळीत लेखक, कृती, प्रकार, वर्ष आणि संस्था सगळे येते. जागा जास्त लागतच नाही.

श्रेयपानाचे महत्त्व पुरस्कारासाठी पुस्तक पाठवतानाही तितकेच आहे आणि इथे मंडळांनी आपल्या सदस्यांना आधीच सावध करायला हवे. राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी त्या-त्या कॅलेंडर वर्षात निघालेली पहिली आवृत्ती लागते. पुस्तक डिसेंबरात छापून होते, प्रकाशन समारंभ जानेवारीत ठरतो आणि श्रेयपानावर समारंभाची तारीख पडते. पुस्तक आपोआप पुढच्या वर्षात जाते. काही प्रकाशक फक्त 'गुढीपाडवा' किंवा 'विजयादशमी' आणि शके छापतात. त्यासोबत इसवी सनाचा महिना नि वर्षही छापायला सांगावे. प्रती कमी पडल्या म्हणून दुसऱ्या मुद्रणाची प्रत पाठवली जाते, तिच्यावर पहिल्या आवृत्तीचा उल्लेखच नसतो. वाङ्मयप्रकार निवडतानाही गफलत होते: अनुभवपर लेखांचे पुस्तक 'लघुकथा' म्हणून पाठवले तर ते कथासंग्रहांच्या स्पर्धेत उभे राहते आणि तिथे त्याचा टिकाव लागत नाही, त्याची जागा ललित गद्यात होती. चांगले पुस्तक अशा कारणांनी मागे राहिले की फार वाईट वाटते, कारण त्यात लेखनाचा काहीच दोष नसतो. आणखी एक, कायद्याने बंधनकारक असलेले काम: १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रकाशनापासून ३० दिवसांत पुस्तकाच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे स्वखर्चाने पाठवायच्या असतात आणि त्यांत मुंबईतल्या टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय आहे. स्वतःच पुस्तक काढणारे लेखक स्वतःच प्रकाशक असतात, म्हणून हे काम त्यांच्याकडेच येते. पण बहुतेकांना ते कोणी सांगितलेलेच नसते.

शेवटची गोष्ट स्पष्टच लिहितो. 'राष्ट्रीय', 'आंतरराष्ट्रीय', 'विश्वविक्रमी' अशी विशेषणे लावून नोंदणी शुल्क घेणारे आणि शुल्क भरलेल्या प्रत्येकाला मानचिन्ह देणारे पुरस्कार वाढले आहेत. नवा लेखक भाबडेपणाने पैसे भरतो आणि मंडळ आनंदाने बातमी पाठवते. त्याच यादीत, त्याच टाइपात, परीक्षकांनी वाचून निवडलेल्या पुस्तकाचे नाव येते आणि दोन्ही सारखीच दिसतात. संपादक महोदय, बातमी घेताना तीनच प्रश्न विचारावेत: पुरस्कार कोणत्या पुस्तकाला, परीक्षक कोण, आणि प्रवेशासाठी पैसे घेतले का. पहिल्याचे उत्तर नसेल, तर बातमी परत पाठवायला हरकत नसावी.

आणि ज्या बातम्या छापाल, त्यांच्या शेवटी ग्रंथपरीक्षणाखाली असते तशी एक ओळ द्यावी: पुस्तक, प्रकाशन, पृष्ठे, किंमत. दुसऱ्या दिवशी कात्रण घेऊन ग्रंथालयात येणाऱ्याला तेवढे पुरते.

आपले,
ग्रंथालय व साहित्य चळवळीतील कार्यकर्ते,
दादर, मुंबई