मशिदीत नेले म्हणून खुलासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातले ‘धर्म घरीच शिकू द्या, शाळेत नको’ हे पत्र सकाळी वाचले, दुपारी पुन्हा वाचले आणि रात्री त्यापायी झोप लागेना, म्हणून आज लिहायला बसले आहे.

पत्रलेखक महाशयांची भाषा नेटकी आहे, कळकळही खरी असेल. फक्त सहावीचे इतिहासाचे पुस्तक त्यांनी उघडलेले दिसत नाही. जगातले धर्म शाळेत शिकवावेत की नाहीत यावर ते इतक्या पोटतिडकीने भांडतात, आणि धडा पुस्तकात छापलेला आहेच! ‘प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाह’. जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिश्चन, इस्लाम, पारशी, सगळे एका धड्यात दाटीवाटीने बसवले आहेत. तेव्हा शिकवावे की नको हा वाद सोडा. तो धडा वर्गात होतो कसा, ते विचारा.

माझ्या नातीच्या वहीत तो एका पानात झाला आहे. डावीकडे महावीर, गौतम बुद्ध, येशू ख्रिस्त, मुहंमद पैगंबर, जरथुष्ट्र. उजवीकडे ग्रंथ आणि प्रार्थनास्थळे, पारशांचा अवेस्ता आणि त्यांची अग्यारीही त्यातच. मध्ये पट्टी ठेवून मारलेल्या तिरक्या रेघा. जोड्या लावा, पाच गुण, खाली बाईंची लाल सही. मी नातीला विचारले, “अग्यारी म्हणजे काय गं?” ती म्हणाली, “आजी, ते अवेस्ताच्या खाली येतं.”

त्या बाईंना मी बोल लावणार नाही. मी स्वतः ३१ वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षे असल्याच जोड्या लावून घेतल्या. का, ते सांगते.

गोष्ट १९९३ सालची, दिवाळीच्या सुट्टीनंतरची. मुंबईत त्या वर्षी काय झाले ते पोरांच्याही कानांवर होते. मी आमच्या सहावीच्या वर्गाला अलिबागच्या इस्रायल आळीतले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, दाखवायला नेले. शनिवारची अर्धी शाळा सोयीची होती, पण शनिवार त्यांचा साबाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, म्हणून बुधवारी गेलो. ४२ मुले, दोन-दोनच्या रांगेत. ज्यू म्हणजे कोणी गोरे साहेब भेटणार अशी मुलांची कल्पना. दार उघडले ते धोतर नेसलेल्या, आपल्यासारखेच आडनाव ‘कर’ने संपणाऱ्या आजोबांनी. “डोकी झाका रे पोरांनो,” म्हणाले. कुणी रुमाल बांधला, कुणी दप्तरातून टोपी काढली, एकाने वहीच डोक्यावर धरली. आजोबांनी कपाट उघडून तोराची, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी दाखवली. मलिद्याचे सांगितले, की एलियाहू नबीच्या नावाने पोहे, खोबरे, साखर आणि फळे ठेवतात. एक मुलगी म्हणाली, “आमच्या सत्यनारायणाला शिरा असतो.” आजोबा म्हणाले, “ठाऊक आहे. आमंत्रण आलं की खातो आम्ही.”

मग त्यांनी तेलाच्या घाण्याचे सांगितले. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचा पिढीजात धंदा तेलाचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक पोरगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, पुढे आला. “आमचा घाणा सोमवारी बंद असायचा. आम्ही सोमवार तेली.” आजोबांनी त्याला जवळ बोलावले, गाव विचारले, आजोबांचे नाव विचारले, आणि दोघे लाकडी घाण्याबद्दल बोलत बसले. बाकीच्या ४१ जणांना घेऊन मी ताटकळत उभी. माझ्या नोकरीतला तो सर्वांत चांगला तास. त्या तासाला मी काहीच शिकवले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

तिसऱ्या दिवशी एका पालकांची तक्रार आली: बाईंनी मुलांना मशिदीत नेले.

यात मुलांची चूक नव्हती. सिनेगॉगला इकडचे जुने लोक मशीदच म्हणत. मुंबईचे मशीद बंदरही ज्यूंच्या ‘जुन्या मशिदी’वरून पडलेले नाव, असे सांगतात. मुलांनी घरी जाऊन ऐकलेला शब्द सांगितला. मुख्याध्यापकांनी मला बोलावले. मी म्हटले, “सर, मशीद नव्हे, सिनेगॉग.” सर म्हणाले, “म्हणजे चर्चच ना?” “नाही सर, ज्यू लोकांचे.” सरांनी जरा विचार केला. “बरं. पण लेखी खुलासा द्या.”

दोन प्रतींत दिला. त्यावर ‘यापुढे वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीशिवाय विद्यार्थ्यांना कोणत्याही धार्मिक स्थळी नेऊ नये’ असे ज्ञापन हातात पडले. पुढची दोन वर्षे मी रीतसर अर्ज केले. ‘वरिष्ठांकडे पाठविला आहे’ एवढेच उत्तर. तिसऱ्या वर्षी अर्ज केला नाही. त्याच शाळेच्या सभागृहात त्याच माघात सत्यनारायण झाला, मुलांकडून दोन-दोन रुपये वर्गणी घेऊन. त्याचा खुलासा कुणी कुणाला मागितला नाही. प्रसाद मीही खाल्ला, उगाच खोटे कशाला बोलू.

पत्रलेखक म्हणतात, राज्यघटनेचीच मनाई आहे. कलम २८ वाचावे ही नम्र विनंती. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचे शिक्षण देता येत नाही, म्हणजे अमुक देवाला भजा, तमुक व्रत करा, असे सांगता येत नाही. धर्मांविषयी माहिती देणे वेगळे. शालेय अभ्यासक्रमावरच्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००२ मध्ये हेच म्हटले. त्याआधी १९९९ मध्ये आपल्याच शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीनेही मुलांना सर्व धर्मांची मूलतत्त्वे सांगावीत अशी शिफारस केली होती. आता घटनेनुसार खुलासा मागायचाच तर तो सहलीचा मागायचा की सत्यनारायणाचा, हे महाशयांनीच ठरवावे.

आणि ‘घरीच शिकू द्या’ म्हणजे काय? घरी आपल्या उपासाला काय चालते ते कळते. शेजारची जैन मैत्रीण डब्यातला बटाटा का बाजूला काढते, ते माझ्या आईला कुठे ठाऊक होते? ती आपली म्हणायची, “नखरे असतात एकेकाचे.”

हल्ली दुसरीही एक जमात आहे. ‘सर्व धर्म शेवटी एकच सांगतात’ म्हणत भाषण संपवते. (तुमच्या रविवार पुरवणीत दर दोन महिन्यांनी असा एक लेख असतोच.) सगळे एकच सांगत असते तर एक धडा कशाला, एक ओळ पुरे झाली असती. मुलांना फरकच कळायला हवेत. काही माणसे देव मानत नाहीत, हेही कळायला हवे. जोतीराव फुल्यांनी एकाच घरात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, अशी कल्पना शंभरहून जास्त वर्षांपूर्वी मांडली. आपल्याला एका वर्गात तेवढे धर्म नुसते नावानिशी पेलवत नाहीत.

न शिकवल्याचे फळ पाहायचे तर आमच्या एसटी स्टँडसमोरच्या फलकाकडे पाहा. ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’, बाजूला हात जोडलेले आठ हसरे चेहरे. करबलाच्या शोकाच्या शुभेच्छा! हेच कार्यकर्ते गुड फ्रायडेलाही आनंदी असतात. आणि संपादक महाराज, राग मानू नका, गेल्या वर्षी मोहरमची तशीच जाहिरात तुमच्याही पहिल्या पानावर होती. पैसे घेताना कुणीतरी वाचत असेल ना?

मागणी मोठी नाही. नवा विषय नको, नवे पुस्तक तर मुळीच नको. त्या एका धड्याला चार तास द्या, आणि शिक्षकाला गावातल्या गावात चालत जायची मोकळीक द्या. आमच्या तालुक्यात देऊळ, मशीद, चर्च, सिनेगॉग आणि बुद्धविहार, सगळे एका सकाळीत पाहून होते. त्या आजोबांना जाऊन बरीच वर्षे झाली, आळीतली बहुतेक घरे इस्रायलला गेली. इमारत अजून आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अलिबाग

ता. क. : नाव छापू नये. सूनबाई अजून नोकरीत आहे, तिच्यावर खुलाशाची पाळी नको. आणि पत्र कापायचेच असेल तर शेवटून कापावे. मागच्या खेपेला तुम्ही मधूनच कापलेत, वर ‘सिनेगॉग’चे ‘सिनेमागृह’ छापलेत. बाजारात दोघींनी मला विचारले, कुठले थिएटर म्हणून.