गाडीला सरळ रस्ता मिळाला

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विचारलंत, एवढी मॉडेल रेल्वे आहे तर आणखी कशाला? जुन्या बोर्डावर गाडी नुसती गोल फिरते, इंजिन स्वतःच्याच शेवटच्या डब्याच्या मागे लागल्यासारखं. मला लांब, सरळ लाइन हवी होती. म्हणून 4 बाय 2 फुटांचे दोन बोर्ड नवे केले. वर 9 मिमी प्लायवूड, खाली त्याच प्लायच्या उभ्या पट्ट्यांची चौकट. वार्निश दोन्ही बाजूंना आणि कडांनाही मारलं. एकीकडेच मारलं तर दमट हवेत फळी बाक घेते, हे तुम्हाला काय सांगायचं!

खरं काम सांध्यावर. इथे चालतो तो ओओ गेज: प्रमाण 1:76, रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. चाकाची कोर जेमतेम मिलिमीटरभर खाली उतरते, त्यामुळे दोन बोर्डांचे रूळ किंचित जरी सरकले तरी गाडी घसरलीच म्हणून समजा. बोल्टवर विसंबून चालत नाही, भोकात तो थोडा खेळतोच. म्हणून दोन्ही चौकटी शिकंज्यात एकत्र आवळल्या, आरपार भोकं पाडली आणि पितळी डॉवेल, म्हणजे जागा धरणाऱ्या खुंट्या, बसवले, एकीकडे नर, दुसरीकडे मादी. जागा डॉवेल धरतात, बोल्ट फक्त आवळतो.

रूळही आधी कापायचे नाहीत. सांध्यावरून अखंड टाकायचे. कडेच्या प्लॅस्टिकच्या स्लीपरांऐवजी तांब्याचा थर असलेल्या पट्ट्या फळीला पक्क्या करायच्या, त्यांवर रूळ सोल्डर करायचे आणि मग बारीक करवतीने बरोब्बर फटीवर कापायचं. पट्टीवरचं तांबं मात्र मधोमध खरवडून तोडावं लागतं, नाहीतर दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जाऊन शॉर्ट होतं. रुळांची टोकं जोडणाऱ्या फिशप्लेटवर करंटचा भरवसा मी ठेवत नाही. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर दिली आहे. कंटाळवाणं काम, पण नंतर फॉल्ट शोधत फळीखाली आडवं पडण्यापेक्षा बरं.

नवे रूळ बारीक, कोड 75 चे (कोड म्हणजे रुळाची उंची) घ्यायचा मोह झाला होता. दिसतात सुरेख. पण जुने कोड 100 चे. त्यांची उंची 2.5 मिमी आणि 75 ची 1.9 मिमी, त्यामुळे जोडताना पायरी पडते. तेव्हा 100 च घेतले.

एवढा खटाटोप करून वाढले किती? आठ फूट, म्हणजे खऱ्या मापात जेमतेम 185 मीटर! तरी या सरळ लाइनीवर अख्खी गाडी एका नजरेत दिसते. दादा म्हणतो, जागा आहे तर दोन साइडिंग, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या लाइनी, टाक. मी टाकणार नाही. रूळ कोंबले की ते यार्ड होतं, मला माळरान हवंय.

खडी अजून टाकलेली नाही. पातळ गोंद एकदा मुरला की रूळ हलवता येत नाहीत, त्यामुळे आधी सगळी इंजिनं दोन्ही दिशांनी, डबे मागे ढकलतही, चालवून बघतोय. तुमच्या रंध्याबद्दल विचारायचं राहिलं: प्लायची कड तासताना पापुद्रे निघू नयेत म्हणून तुम्ही काय करता? पुढच्या फोनवर सांगा.

आईला सा. न.

तुमचा,
धाकटा